रेम्ब्रांटचं हॅमिल्टनमधलं घर

डच चित्रकार रेम्ब्रांट आयुष्यात एकदाही कॅनडातल्या हॅमिल्टनला आला नाही. त्याने जे काही शहाणपणाचे निर्णय घेतले त्यांत हा वरचा मानावा लागेल. तरीही २०१०च्या उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी मी लोकांना हॅमिल्टनच्या फुटपाथांवरून रेम्ब्रांटचं आयुष्य दाखवत हिंडत होतो.

कल्पना हेंकची. हेंक म्हणजे स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेला साठीचा डच माणूस. एका हिवाळ्यात करायला काही नव्हतं म्हणून त्याने ट्रेसिंग पेपरवर ॲमस्टरडॅमचा नकाशा उतरवला, तो त्याच मापाच्या हॅमिल्टनच्या नकाशावर ठेवला आणि तिकडचा मुख्य चौक इकडच्या गोर पार्कवर टाचणीने टोचला. मग रेम्ब्रांटचं घर एका ड्राय क्लीनरवर पडलं, त्याचं सर्वांत मोठं चित्र जिथे लागलं ती जागा डोनटच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर, आणि तो पुरला गेला ते चर्च एका पार्किंग लॉटवर. जन्मगाव मात्र ब्रँटफर्डजवळच्या मक्याच्या शेतात जात होतं. तिथे चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून जन्म आम्ही वगळला होता.

हेंक प्रामाणिक माणूस. प्रत्येक थांब्यावर एक खुलासा वाचायचा नियम होता: ‘हे सर्व ॲमस्टरडॅममध्ये घडलं, इथे नाही.’ पहिल्या थांब्यावर हे वाचलं की लोक हसायचे, दुसऱ्यावर एकमेकांकडे बघायचे, तिसऱ्यावर नसायचे. अख्ख्या सीझनमध्ये एकच माणूस शेवटपर्यंत टिकला, आणि तो बसची वाट बघत होता.

मी मूळचा पुण्याचा सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून लिहून कळवायच्या, एवढंच मला येतं. पण इकडे दीड वर्ष सगळे एकच विचारत होते: कॅनेडियन एक्सपिरियन्स काय? शेवटी टोरोंटोच्या एका बँकेने मुलाखतीत पास केलं आणि सांगितलं की बुधवारपर्यंत एखाद्या कॅनेडियन एम्प्लॉयरचं पत्र आणा, नाहीतर विषय संपला. माझा उभ्या कॅनडात एकच एम्प्लॉयर होता. हेंक म्हणाला, पत्र देईन, पण खोटं लिहिणार नाही. रविवारी मी स्वतः बरोबर येतो. शेवटच्या थांब्यावर दहा माणसं उरली, तर तू गाइड आहेस असं लिहीन.

दहा माणसं शेवटपर्यंत जागची न हलणारी एकच संस्था मला ठाऊक होती. आपलं महाराष्ट्र मंडळ.

मंडळाच्या अध्यक्ष शुभदाताई. मंडळाच्या वार्तापत्राच्या सोळा पानांत त्यांचे अकरा फोटो असायचे. मी त्यांना ईमेल केला: ‘आपल्या हॅमिल्टनच्या रस्त्यांवरून थोर चित्रकार रेम्ब्रांट यांचा जीवनप्रवास, मराठीतून.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी फक्त हॉलंडचा उल्लेख टाळला, जसा लग्नाच्या बायोडेटात लोक चष्म्याचा नंबर टाळतात.

रविवारी सतरा जण आले. निम्मे पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेले आईवडील, पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज घातलेले. शुभदाताईंचे सासरे नंदकुमारकाका पीडब्ल्यूडीतून सुपरिंटेंडिंग इंजिनियर म्हणून रिटायर झाले होते, आणि ती माहिती त्यांनी मला नाव सांगण्याच्या आधी दिली. सर्वांत मागे राजरत्न होता, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा, आणि त्याची आई कमलाबाई, नागपूरहून आलेल्या. शुभदाताईंनी ओळख करून दिली, ‘हे राजरत्न, हे तसे त्या दुसऱ्या असोसिएशनचे, पण आपल्याकडेही येतात हं.’ हे वाक्य त्या गेली चार वर्षं प्रत्येक कार्यक्रमात म्हणत होत्या. ‘दुसऱ्या असोसिएशन’ला नाव आहे, ते बाबासाहेबांचं आहे आणि ते उच्चारायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. पण ताईंचे दोन सेकंद वाचत होते.

गोर पार्कमध्ये कारंज्याजवळ मी सुरुवात केली. पंचविशीतला रेम्ब्रांट मोठं नाव कमवायला या शहरात आला, मी म्हटलं. हेंकला मराठी येत नव्हतं, त्यामुळे मी खुलासा वाचलाच नाही, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. लोकांनी कारंज्याकडे आदराने पाहिलं. एका काकूंनी विचारलं की तो पीआर घेऊन कायमचा आला की स्टुडंट व्हिसावर. मी म्हटलं, तेव्हा नियम सोपे होते. यावर सगळ्यांनी उसासा टाकला, कारण हा सर्वांचा जिव्हाळ्याचा विषय होता.

त्याने स्वतःचीच ऐंशीच्या आसपास चित्रं केली, हे ऐकून शुभदाताई पहिल्यांदा मनापासून खूश झाल्या.

दुसरा थांबा ड्राय क्लीनर. हे त्याचं घर, मी सांगितलं. इथे तो लग्नानंतर राहिला, इथेच बायको वारली. सतरा माणसांनी काचेवरच्या ‘शर्ट दोन डॉलर’ या पाटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. एवढं तरी कोणालातरी खटकेल. खटकलं नंदकुमारकाकांना. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचं घर आणि साधा नामफलक नाही, ही सरकारची अनास्था इथेही आहे तर. मग ते चार पावलं मागे गेले, इमारतीला वर-खाली न्याहाळलं आणि जाहीर केलं की बांधकाम जुनं आहे, चुन्यातलं असणार. भिंत सिमेंट ब्लॉकची होती.

त्यानंतर जे झालं ते फक्त आपलंच मंडळ करू शकतं. शुभदाताईंच्या गाडीच्या ट्रंकमध्ये शाल-श्रीफळाचे तीन सेट कायम असतात, विंटर टायर्ससारखे, कधी गरज लागेल सांगता येत नाही म्हणून. त्या एक सेट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, वास्तू जपली त्या माणसाचा सत्कार केल्याशिवाय मंडळ पुढे जाणार नाही.

दुकानदार पोर्तुगीज, पन्नाशीचा. ग्राहक समजून तो हसत उठला. ताईंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदाराने शाल काढली, उलटून कापडावरचं लेबल पाहिलं, एका डागावर बोट ठेवून मान हलवली आणि ताईंच्या हातात गुलाबी पावती दिली. गुरुवारी तयार. नारळाची पावती त्याने दिली नाही, तो काउंटरखाली ठेवला. ताईंनी पावती दोन्ही हातांनी घेतली. त्यांना ते मानपत्र वाटलं.

दुकानाबाहेर हेंक डोळे पुसत उभा होता. चार वर्षांत त्याच्या टूरवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मी पुढे निघालो तेव्हा कोणीतरी कोपर धरलं. कमलाबाई होत्या. म्हणाल्या, ‘देवेश नं तू? मी एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पोरं बसवली. हा माणूस हॉलंडचा. मरेपर्यंत हॉलंडबाहेर पडला नाही.’

मी त्यांना हळू आवाजात बँक, पत्र, बुधवार, दहा माणसं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘एकतीस वर्षांत पोरांनी लय कारणं सांगितली मला,’ त्या म्हणाल्या. ‘वही गाईने खाल्ली, रंग बहीण प्यायली. त्यातलंच हे. शेवटच्या ठिकाणी तू स्वतः सांग. नाही सांगितलंस तर मी सांगते. आणि मी सांगितलं नं बाप्पा, तर मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं.’

डोनटच्या दुकानामागे मी सांगितलं की त्याचं प्रचंड चित्र पुढे टाउन हॉलमध्ये हलवताना भिंतीवर बसेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं. हे खरं आहे. नंदकुमारकाका म्हणाले, आधी माप घ्यायला काय झालं होतं, आणि पुढचे दोन ब्लॉक त्यांनी मला टेंडरची पद्धत समजावून सांगितली. माझं लक्ष नव्हतं. मी हिशोब करत होतो: खरं सांगितलं की सतरातले किती जण किती सेकंदांत गाड्यांकडे वळतील. दहा उरायला हवे होते. मला दोन दिसत होते, आणि त्यातल्या एक कमलाबाई.

शेवटचा थांबा पार्किंग लॉट. मी सांगितलं की म्हातारपणी त्याचा तरणाताठा मुलगा गेला, वर्षभरात तोही गेला, भाड्याच्या कबरीत पुरला गेला आणि ती कबर नक्की कुठली हे कोणालाच माहीत नाही. शुभदाताईंनी एका निळ्या व्हॅनसमोर दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. मिनिटभरातच व्हॅनचा मालक आला. सतरा माणसं माना खाली घालून आपल्या गाडीसमोर उभी बघून त्याने टोपी काढली, जरा थांबला, आणि मग गाडीखाली काही मेलंय का ते वाकून बघितलं.

स्तब्धता संपली. कमलाबाईंनी घसा साफ केला.

मी म्हणालो, ‘एक सांगायचं राहिलं. यातलं काहीच इथे घडलेलं नाही. रेम्ब्रांट हॉलंडचा. तो हॅमिल्टनला कधी आला नाही. तेव्हा हॅमिल्टन नव्हतंच.’

कोणी हललं नाही. नंदकुमारकाकांनी विचारलं, ‘म्हणजे सत्कार कोणाचा झाला?’

‘ड्राय क्लीनरचा.’

मग वाद पेटला, आणि मी जन्मभर मराठी असूनही मला अंदाज आला नव्हता असा पेटला. रेम्ब्रांट कुठला, याच्याशी कोणालाच देणंघेणं नव्हतं. प्रश्न सत्काराचा होता. सत्कार मागे घेता येतो का? घटनेत तरतूद आहे का? शुभदाताई पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या की वृत्तांत तर शुक्रवारीच छापायला गेला आहे. आमच्याकडे कार्यक्रमाचा वृत्तांत दोन दिवस आधी लिहितात, म्हणजे कार्यक्रमात काही झालं तरी तो उत्साहात पार पडतो. त्यात ‘थोर हॅमिल्टनकर चित्रकार’ असं स्पष्ट लिहिलं होतं. शेवटी काकांनीच तोडगा काढला. वृत्तांत छापून आला म्हणजे ती नोंद झाली, नोंद झाली म्हणजे माणूस इथे राहिला असणारच, हॉलंडने काय ते पुरावे द्यावेत. अनुमोदन मिळालं. ठराव हात वर करून मंजूर झाला. विरोधात दोन मतं, राजरत्न आणि त्याची आई.

एकही माणूस गेला नव्हता. आभारप्रदर्शन बाकी होतं, आणि आभारप्रदर्शनाआधी ट्रंकमधले बटाटेवडे उघडायचे नाहीत असा नियम होता. सतराच्या सतरा जण.

कमलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ह्यांना शाळेत कोणी शिकवलं, हे बघायला पाहिजे एकदा.’

हेंक लांब उभा राहून चाळीस मिनिटं हे बघत होता. शेजारी येऊन तो आनंदाने विचारू लागला की हे लोक रेम्ब्रांटवरून एवढे का भांडताहेत, तू त्यांना असं काय सांगितलंस? ‘छायाप्रकाशावरून’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पत्र जवळजवळ हातात आलं होतं. पण कमलाबाई दोन पावलांवर होत्या, आणि त्यांना इंग्रजी येत असावं असा मला दाट संशय होता. मी सांगितलं: दोन तास मी खुलासा गाळला आणि आता शेवटी खरं सांगितलं, की तो इथे कधीच राहिला नाही.

हेंकचा चेहरा पडला. मला वाटलं, खुलासा गाळल्याबद्दल.

‘लोक टाळ्या वाजवत होते,’ तो म्हणाला. ‘त्यांना हे सांगायची काय गरज होती?’

त्याने क्लिपबोर्ड काढला, एका कारच्या बॉनेटवर ठेवून तिथेच पत्र लिहिलं, सही करून माझ्या हातात दिलं आणि कोणाचाही निरोप न घेता त्याच्या नकाशातल्या ॲमस्टरडॅम स्टेशनच्या दिशेने, म्हणजे बस टर्मिनलकडे, निघून गेला. खोटं लिहिणार नाही म्हणाला होता, ते त्याने पाळलं. पत्रात होतं: ‘देवेशने माझ्याकडे चार महिने काम केलं. आमच्या उत्पादनात एक मूलभूत दोष आहे. तो त्याने माझी परवानगी न घेता सर्व ग्राहकांसमोर सविस्तर कळवला. म्हणून मी त्याला आजपासून काढून टाकत आहे.’

माझ्याकडे दुसरं पत्र नव्हतं. बुधवारी मी तेच फॅक्स केलं.

शुक्रवारी बँकेतल्या टेस्टिंग मॅनेजर बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का, आणि दोष नेमका काय होता. मी म्हटलं, उत्पादन अस्तित्वातच नव्हतं, आम्ही फक्त लोकांना ते चालवून दाखवत होतो.

त्या म्हणाल्या, इथेही साधारण तसंच आहे, सोमवारी नऊला या.