चांगल्या घरी

इरावती आणि रणजितला मूल नव्हतं. परदेशात, हॅमिल्टनमध्ये स्थिरावल्यावर, चाळिशी उलटल्यावर त्यांनी फॉस्टर केअरसाठी, म्हणजे निराधार मुलांना तात्पुरतं घरी सांभाळायला, नाव दिलं आणि एका हिवाळ्यात सोशल वर्कर मेरेआनाला घेऊन आली. चार वर्षांची, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली मुलगी. आई अपघातात गेलेली, वडील कधी नव्हतेच. आजी दूर पूर्व किनाऱ्यावर राहायची, पण तिचं घर लहान आणि माणसं फार म्हणून मुलगी तिच्याकडे द्यायची मंजुरी अडली होती. काही आठवड्यांचा प्रश्न आहे, असं सांगितलं होतं. वर्ष उलटून गेलं.

सुरुवातीला पोर टेबलाखाली बसून जेवायची. मग हळूहळू इरावतीच्या कुशीत झोपायला लागली. कुरळ्या केसांना तेल लावून घेता घेता मराठी बोलायला लागली. ओळखीच्या मराठी घरांतली मुलं इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, आणि ही ‘अजून वरण’ मागायची, याचं सगळ्यांना कौतुक. रंगही जुळत होता. दुकानात लोक म्हणत, डोळे अगदी आईचे. नाव लांबलचक वाटायचं म्हणून इरावती तिला मीरा म्हणायची. तिला कायमचं ठेवून घ्यायला कोर्टात अर्ज करायचा, असं दोघांनी ठरवलं.

त्याच सुमारास आजीला भेटीची परवानगी मिळाली. हूरिया तिचं नाव. दारातच तिनं नातीला माओरीत हाक मारली. मेरेआना इरावतीच्या मागे लपली.

“आई, ही कोण?” तिनं मराठीत विचारलं.

ती काय म्हणाली, असं हूरियानं विचारलं. इरावतीनं खरं ते सांगितलं. रणजित मुलीला मागच्या अंगणात घेऊन गेला. चहा देताना इरावती म्हणाली, तिला इथे काही कमी नाही.

“दिसतंय मला,” हूरिया म्हणाली. “मलाही चांगल्याच घरी ठेवलं होतं.”

लहान असताना तिला सरकारनं एका गोऱ्या शेतकऱ्याकडे दिलं होतं. नवे बूट, स्वतःचा पलंग, वाढदिवसाला केक. कुणी कधी हात उगारला नाही. हूरिया म्हणायला अवघड, म्हणून ते मेरी म्हणायचे. मोठी झाल्यावर ती आपल्या घरी परतली.

“आई माझ्याशी बोलत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. मग तिनं बोलणंच सोडलं. नुसती हात धरून बसली.”

त्या संध्याकाळी इरावतीनं रणजितला सांगितलं, अर्ज करायचा नाही. कोर्टानं मुलगी आपल्यालाच दिली असती, तो म्हणाला.

“म्हणूनच,” ती म्हणाली.

दोन दिवस तो रागात होता. मग त्यानंच सोशल वर्करला फोन करून आजीच्या बाजूनं सांगितलं.

उन्हाळ्यात मंजुरी आली. न्यायला आलेल्या हूरियानं विचारलं, भूक लागली, भीती वाटली, तर ही काय म्हणते? इरावतीनं शब्द सांगितले. भूक, पाणी, भीती, जवळ घे. जीभ वळेपर्यंत म्हातारी ते घोकत राहिली.

गाडीपाशी मुलगी इरावतीला सोडेना.

“मेरेआना, आजीबरोबर जा,” इरावती म्हणाली. पुरं नाव घेऊन तिनं कधी हाक मारली नव्हती. मुलगी बावरली, आणि तेवढ्यात तिचे हात सुटले. गाडी वळेपर्यंत ती आईऽ आईऽ म्हणून रडत होती.

पुढे दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी रडणं, मग घोडा दाखवणं, मग आजीकडच्या भावंडांची नावं. मराठी शब्द कमी कमी होत गेले. एका रविवारी हूरिया म्हणाली, ती मुलांबरोबर नदीवर गेली आहे, बोलावू का?

“नको, खेळू दे,” इरावती म्हणाली.

काय म्हणतेय पोर, असं रणजितनं आतून विचारलं. बरी आहे, एवढंच इरावतीनं सांगितलं.