गोरखचिंचेवरची रेघ

"हात आखडू नकोस गं, भिंत आहे, सवत नाही!" अतांपोका सुनेवर ओरडली, तशा भिंतीला चिखल फासणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. सून लामिसी हसली नाही. तिचं पोर आत तापानं फणफणत होतं.

मी शेजारी. कुंपणापाशी ज्वारीची दारू पीत बसलो होतो. रंगकामाच्या दिवशी आमच्या गावात पुरुषाला एवढंच काम. भिंती आम्ही उभ्या करायच्या, त्यांचं घर बायकांनी करायचं. लाल, काळ्या, पांढऱ्या मातीची नक्षी काढून, गोट्यानं घोटून. गाव मला थापाड्या म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. पाणघोड्यावर बसून नदी ओलांडली, असं सांगणारा मीच. ही गोष्ट मात्र मी फारशी काढत नाही.

आमच्याकडे घराभोवती एक लाल रेघ फिरते. घरातलं कुणी परमुलखात गेलं की तीत वीतभर जागा कोरी सोडतात. परतल्यावर त्यानं ती आपल्या बोटानं भरायची. पुरुषाचं बोट मातीत बुडतं ते तेवढंच. तो मेला असं ठरलं, तर आईनं भरायची. मग दारात कुणीही येवो, आत घ्यायचं नाही.

अतांपोकाचा मुलगा अकोल्गो दक्षिणेला सोन्याच्या खाणीत गेला, तो गेलाच. खबर नाही, बात नाही. दरसाल भिंत नव्यानं रंगवताना ती वीतभर जागा सोडायची. यंदा आधी कोंबड्या मेल्या, मग शेळी, मग नातवाला तापानं धरलं. भगत म्हणाला, "रेघेच्या फटीतून कुणीतरी आत बघतंय. बुजवा."

"नका बुजवू, आई," लामिसी म्हणाली. "येतील ते."

"आणि पोर गेलं तर? आल्यावर काय दाखवशील त्याला? रेघ?"

मी मधेच म्हटलं, "अतांपोका, माझ्या काकाच्या घराची फट..."

"तू गप पी! तोंड उघडलंस की खोटं सांडतं नुसतं."

तिनं बोट बुडवलं. गावातल्या निम्म्या भिंती त्या बोटानं रंगवल्या होत्या. ते आधी फटीच्या कडेनं फिरलं, मग आत उतरलं. रेघेची दोन्ही टोकं मिळाली. दुपार कलली, पोराला घाम सुटला आणि त्यानं पेज मागितली.

सूर्य टेकला तेव्हा कुंपणाबाहेरच्या गोरखचिंचेखाली कुणीतरी उभं दिसलं. बांधा अकोल्गोचा, खांद्याचा बाकही त्याचाच. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि तो ओला. त्या दिवसांत आमच्या विहिरींनासुद्धा ओल नसते. कुत्रं कणगीखाली जाऊन दडलं.

"आई," तो म्हणाला.

लामिसी धावली. अतांपोकानं तिची वेणी धरली. "थांब. रेघ मिळालीय."

"अहो, तुमचा मुलगा आहे तो!"

"आणि आत तुझा आहे."

मग उरलेली लाल माती आणि तुंबाभर पाणी घेऊन ती एकटीच झाडाकडे गेली. मी मागोमाग गेलो असं सांगायला आवडलं असतं, पण मी कुंपणाशीच राहिलो. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. बुंध्यावर बोटानं दार काढलं, कणगी काढली, गुरं काढली. भोवती रेघ फिरवली आणि वीतभर जागा सोडली.

"हे घे तुझं घर, बाळा. ते आता माझ्या हातात राहिलं नाही." तुंबा ठेवून ती परतली. मागे वळली नाही.

सकाळी झाडाखाली कुणी नव्हतं. पाऊलही उमटलेलं नव्हतं. तुंब्यातलं पाणी तसंच होतं. पण बुंध्यावरची रेघ भरलेली होती; जाड, वेडीवाकडी, पुरुषाच्या बोटाची.

अतांपोका त्या रेघेकडे बघत राहिली. "सरळ म्हणून काही येत नव्हतं याला," एवढंच म्हणाली, आणि नातवाला पेज द्यायला घरात गेली.

अजून दरसाल ती बुंध्यावरचं घर नव्यानं रंगवते. तेवढ्या वितीला हात लावत नाही. लावायची गरजही नाही. भर उन्हाळ्यात ती माती ओली असते. थाप वाटते ना? बोट लावून बघा, म्हणतो मी लोकांना.

अजून कुणी लावलेलं नाही.