वरदा मला

“वरदा मला! वरदा मला!” फोनवरची बाई कळवळून ओरडली, आणि श्यामलाच्या हातातलं उलथनं थालीपिठाखालीच राहिलं.

फोन स्पेनचा होता, यात शंका नव्हती. शाळेच्या एक्स्चेंजवर गेलेली तिची चौदा वर्षांची लेक वरदा सालामांकात ज्या घरी राहत होती, त्या घरची ही पिलारबाई. पण पिलारबाई मराठी कधीपासून बोलायला लागली? आणि बोलायचंच तर काय, तर ‘वरदा मला’? म्हणजे वरदा मला द्या?

आता कुणीही म्हणेल, काहीतरीच काय! पण श्यामलाच्या मनात आठवडाभर हेच तर घोळत होतं. बुधवारी पोरगी फोनवर म्हणाली होती, “पिलार इज लाइक माय स्पॅनिश मम.” श्यामला त्यावर हसली होती आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटली होती. इंग्लंडात मेडनहेडला जन्मलेली ही मुलगी. आईनं मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं. चुकून मराठी बोललीच तर ‘माझा आई’! आणि स्पॅनिशचं स्त्रीलिंग-पुल्लिंग मात्र कसं चोख. जायच्या आधी घरभर स्पॅनिश शब्दांच्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून पाठांतर चाललं होतं. फ्रिजवर, दारावर, नळावर, एक तर चक्क देव्हाऱ्यावर. देव्हाऱ्यावरची श्यामलानं काढून टाकली, बाकीच्या तशाच राहिल्या होत्या.

“हॅलो? व्हॉट हॅपन्ड? वरदा ओके?”

“मला, मला! मुय मला! डॉक्टर... डॉक्टर...”

डॉक्टर एवढा एक शब्द कळला आणि श्यामला खिडकीकडे धावली.

“जयंत! अरे, ये लवकर!” तिनं खिडकीतून हाक मारली. नवरा मागच्या गार्डनमध्ये गवत कापत होता. त्या मशीनच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार, कपाळ!

श्यामला एका डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनला बसायची. घाबऱ्याघुबऱ्या आयांचे फोन घेणं हेच तिचं काम. ताप किती आहे, पाणी पितेय का, घाबरू नका. शांत आवाजात, रोज तेच. आज स्वतःवर वेळ आली तर त्यातलं एक वाक्य सुचेना. आणि सुचलं असतं तरी पलीकडे ते कुणाला कळणार होतं?

पिलारबाईचीही तीच पंचाईत झाली असावी. ती काहीतरी पुटपुटली, जराशी खुडबुड झाली, आणि मग फोनमध्ये नुसता श्वास ऐकू यायला लागला. तिनं फोन वरदाच्या तोंडाशी धरला होता.

“वरदा? बाळा, आई बोलतेय गं.”

“आई...” पोरीनं धाप टाकली. “आई, मला... मला पाणी.”

मराठीत! आवाजावरून तर लेक तापानं फणफणलेली वाटत होती, आणि आपल्याला आनंद कसला होतोय? श्यामलाला स्वतःची लाजच वाटली.

“अगं, तिथल्या काकूंना सांग ना! स्पॅनिशमध्ये सांग!”

“मला पाणी दे ना, आई.”

धड शुद्धीत असती तर सांगितलं असतं तिनं. जिच्या हाताशी पोर होती तिला ‘पाणी’ कळत नव्हतं, आणि जिला कळत होतं ती इकडे इंग्लंडात, आपल्या किचनमध्ये, नळापासून हातभर अंतरावर उभी.

नळ! श्यामला गर्रकन वळली. नळाच्या मानेला पिवळी चिठ्ठी होती, ओली होऊन सुरकुतलेली, त्यावर वरदाचं गोल गोल अक्षर.

“अगुआ!” ती जीव तोडून ओरडली. “पिलार, अगुआ! वरदा अगुआ!”

“आग्वा? आह, आग्वा! सी, सी!”

पावलं धावत गेली, धावत आली. ग्लास वाजला. आणि मग घोटांचा आवाज आला, एकामागून एक. श्यामलानं फोन कानाशी घट्ट धरला. तिची लेक दुसऱ्या बाईच्या हातून पाणी पीत होती.

“हळूहळू पाज हं, एकदम नको,” ती मराठीतच म्हणाली.

“सी, सी,” पलीकडून उत्तर आलं.

थालीपिठाचा कोळसा होऊन स्मोक अलार्म बोंबलला, तेव्हा कुठे जयंत धावत आला. आधी गॅस, मग अलार्म, मग बायकोचा चेहरा. काय झालं ते तिनं अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत सांगितलं, तसा तो वर जाऊन वरदाच्या खोलीतली जाडजूड डिक्शनरी घेऊन आला.

“अगं वेडाबाई, ‘मला’ म्हणजे आजारी! पोरगी आजारी आहे, एवढंच सांगत होती ती. मी तिच्यासोबत गेलेल्या टीचरना मोबाइलवरून लावतो. नाहीतर सरळ हीथ्रो एअरपोर्ट गाठू.”

श्यामलानं मान हलवली, पण फोन खाली ठेवला नाही. तिकडे दाराची बेल वाजली. एका पुरुषाचा आवाज आला. “डॉक्टर,” पिलारबाई फोनवर येऊन म्हणाली, आणि पुन्हा मुलीकडे गेली. हलक्या आवाजात ती वरदाशी काहीबाही बोलत राहिली. श्यामलाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तापलेल्या पोरीच्या उशाशी बसून असं कोण बोलतं, ते तिला कळत होतं.

थोड्या वेळानं पिलारबाई परत फोनवर आली. आता तिचा आवाज निवला होता.

“वरदा मला,” ती समजावल्यासारखं म्हणाली.

“हो,” श्यामला म्हणाली. “आजच्यापुरती तुला.”