फलाटावरच्या माईकची तक्रार

मी बसस्थानकाच्या घोषणाखोलीतला माईक बोलतोय. बोलतोय म्हणजे आपला मनातल्या मनात, कारण माझी वायर कापून पाच महिने झाले. सध्या माझा मुक्काम चौकशीच्या खिडकीखालच्या खणात आहे. सोबतीला एक वाळलेलं शाईचं पॅड आणि कुणीतरी विसरलेला चष्मा. मला राग आलाय आणि तो मी गोडीगुलाबीने सांगणार नाही.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या बुडाशी एक लाल बटण बसवलं. दाबलं की माईक चालू, सोडलं की बंद, असं माणसांना वाटतं. खरं म्हणजे ऐकू मला सदासर्वदा येतं. ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं की नाही, एवढंच ते बटण ठरवतं. त्याच्या स्प्रिंगला जन्मापासूनच एक खोड होती. कधीकधी दाबलेलं बटण वर यायचंच नाही. तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटलं. ही खोड पुढे कुणाला भोवली ते ऐका.

माझ्यासमोर एकोणीस वर्षं ताई बसल्या. सगळं स्थानक त्यांना ताईच म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. रोज आल्या की घोटभर कोमट पाणी प्यायच्या, रुमालाने माझी जाळी पुसायच्या आणि मगच बोलायच्या. गाडी रद्द झाल्याचं अशा सुरात सांगायच्या, की लोक चिडायचे ते गाडीवर, त्यांच्यावर नाही. फलाट ऐन वेळी बदलला तर दोनदा सांगायच्या आणि तिसऱ्यांदा म्हाताऱ्या माणसांसाठी सावकाश सांगायच्या. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग एका वर्षी त्यांचा आवाज अडकायला लागला. ‘फलाट क्रमांक चार’ म्हणताना मध्येच गळा आवळल्यासारखा व्हायचा, अर्धा शब्द आत राहायचा. प्रवासी कर्ण्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करायचे. कॉलेजची पोरं तर नकला करायची. एकानेही थांबून विचारलं नाही की बाई, काय होतंय तुम्हाला.

त्यात एक विचित्र गोष्ट होती. शेजारच्या चौकशीच्या खिडकीवरचे काका काहीतरी चेष्टा करायचे आणि ताई हसायच्या, ते हसू अगदी स्वच्छ यायचं. गुणगुणल्या तरी सूर मोकळा. फक्त बोलायला गेलं की गळा दावा साधायचा. आमच्या साहेबांनी, म्हणजे स्थानकप्रमुखांनी, ते हसू एकदा दारातून ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला की हे नाटक आहे, बाईंना कामाचा कंटाळा आलाय. तीन डॉक्टरांनीही ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण केली. ज्यांना स्वतःला काही कळलं नाही, ते सगळे ताईंनाच शहाणपण शिकवत होते!

चौथ्या डॉक्टरीणबाईंना मात्र आजार कळला. त्यांनी गळ्यात सुई दिली. पहिले दहा-बारा दिवस ताईंचा आवाज नुसती फुंकर होता, पाणी पितानाही ठसका लागायचा. त्या रजेवर राहिल्या. परत आल्या तेव्हा पहिलं वाक्य बोलल्या आणि माझ्या जाळीवर शहारा आला. तोच जुना आवाज होता.

त्या दुपारी काकांनी विचारलं, की सुईत असं होतं तरी काय. ताईंनी नुकतीच एक घोषणा संपवून बटण सोडलं होतं.

“काका, माझ्या गळ्यात बिघाड नाही,” त्या म्हणाल्या. “मेंदू नको तेव्हा हुकूम सोडतो आणि स्वरयंत्राचे स्नायू आवळतात. पण नस थेट स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये फट असते. नसेच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत रसायन भरलेलं. हुकूम आला की पिशवी कडेला जाऊन चिकटते, तोंड उघडते, आणि रसायन फटीपलीकडे निरोप पोचवतं.”

“मग सुई काय करते?”

“पिशवीला कडेशी ओढून धरणारे आकडे असतात, प्रथिनांचे. हे औषध नसेत शिरून ते आकडे कापतं. पिशव्या भरलेल्याच राहतात, पण रिकाम्या होत नाहीत. स्नायूला थोडेच निरोप मिळतात, म्हणून तो आवळत नाही.”

“औषध कसलं म्हणायचं हे?”

“विषच आहे. बोट्युलिनम. खराब झालेल्या डबाबंद अन्नात कधी कधी होतं ते. जास्त गेलं तर श्वासाचे स्नायूही गप्प होतात, माणूस मरतो. मला देतात ते अगदी नावापुरतं, मोजूनमापून. आणि कायमचं नाही हो. तीनेक महिन्यांत नस सगळं दुरुस्त करते, की पुन्हा सुई.”

काका खिडकीबाहेर बघू लागले, कारण बाहेरचा गोंगाट एकाएकी थांबला होता. माझं बटण वर आलंच नव्हतं. आठही फलाटांवर, कँटीनमध्ये आणि साहेबांच्या खोलीत ताईंचं सगळं बोलणं स्वच्छ, खणखणीत पोचलं होतं. अडवायला हवा होता तो एकच निरोप मी इमानेइतबारे पोचवला. स्वतःवरही माझा राग आहे, तो असा.

साहेब आले. ताईंना वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण साहेब खुर्ची ओढून बसले आणि लाडीगोडीने म्हणाले, “तीन महिने म्हणालात ना? मग आवाज चांगला आहे तोवर सगळ्या घोषणा रेकॉर्ड करून ठेवू. तुमच्या वाईट दिवसांत तुम्हालाच आराम.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आपला विचार केला, असं वाटलं त्यांना. पाच दिवस त्या माझ्यासमोर बसून बोलल्या. एक ते साठ आकडे, सगळ्या गावांची नावं, ‘सुटेल’, ‘उशिरा येईल’, ‘रद्द’. ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे तर साहेबांनी सात वेळा म्हणवून घेतलं, अजून मनापासून येऊ द्या म्हणून. सातव्यांदा ते खरंच मनापासून आलं. मी शब्दन् शब्द नेऊन यंत्राच्या पोटात घातला.

महिनाअखेरीला ताईंच्या हातात पत्र पडलं. घोषणा आता यंत्र करणार, पद रद्द. नोकरीबरोबर दवाखान्याची सोयही गेली, म्हणजे सुईही गेली. काका निवृत्तीला आले होते, ते मूग गिळून बसले. वायरमनने माझी वायर कापली आणि मला खणात टाकलं. मला विषाचा राग नाही. त्याने कापलेले आकडे नस तीन महिन्यांत पुन्हा घडवते. साहेबांनी जे कापलं ते कोण घडवणार?

गेल्या मंगळवारी खिडकीसमोर कुणीतरी उभं राहिलं. घशातून अडखळत, तुटत शब्द येत होते. मी लगेच ओळखलं. मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात सुई मिळते, पण महिन्यातून एकच दिवस, आणि तो दिवस नेमका हाच मंगळवार होता. चार नंबरचा फलाट आठवड्यापासून खणून ठेवलाय, म्हणून त्या विचारत होत्या की गाडी आज कुठून सुटेल.

काकांच्या जागी नवीन कारकून आलाय. त्याने मान वर केली नाही. “बाई, नीट बोला. नाहीतर घोषणा ऐका.”

वरून ताईंचाच आवाज आला, स्वच्छ आणि खणखणीत. शहराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे. यंत्राला खणलेला फलाट कुठून दिसणार?

ताईंनी पुन्हा प्रयत्न केला. दोनदा, तीनदा. शेवटी पर्समधून कागद काढून लिहून दिलं. त्याने वाचलं. “हां, ती होय. सहावरून होती. आत्ताच गेली. पुढची थेट संध्याकाळी.”

ताई खिडकीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांना हसू आलं. मोकळं, अगदी पूर्वीसारखं.

कारकुनाने तेव्हा कुठे मान वर केली. “हसताना तर छान आवाज निघतो की तुमचा. मग मघापासून काय चाललं होतं?”

ताई वळल्या. त्यांची पावलं दूर जाताना मला ऐकू आली, आणि वरून त्यांचाच आवाज त्यांना मनापासून म्हणाला, होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. ज्या साहेबांनी म्हणायला हवं होतं, ते आत खोलीत चहा पीत बसले होते.

माझ्यात पुष्कळ भरलंय आणि ते बाहेर सोडायला वायर नाही. तुम्ही कधी या स्थानकात आलात आणि खिडकीशी कुणी अडखळत बोलताना दिसलं, तर गाडी चुकली तरी चालेल, वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.