नटावरची पांढरी रेघ

मी गाडी बोलतेय, शेडमधली. माझा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटणार नाही. आजवर माझ्या तोंडून तुम्ही फक्त हॉर्न ऐकला असेल, आणि तोही समोरच्याच्या चुकीबद्दल. आज मला माझ्या मालकाच्या चुकीबद्दल बोलायचं आहे. त्याला हॉर्न पुरत नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यातल्या रांगेत माझ्या पुढची आणि मागची हुबेहूब माझ्यासारखी होती. पहिला ओरखडा पडल्यावर आम्ही वेगवेगळ्या झालो. मला विकत घेतलं ते आताच्या मालकाच्या वडिलांनी. ते जमिनीची मोजणी करायचे आणि शब्दही मोजूनच वापरायचे. रोज सकाळी मला धुवायचे, दर आठवड्याला टायरची हवा बघायचे आणि मुलगा जवळ आला की म्हणायचे, "हात लावू नकोस." यापेक्षा लांब वाक्य त्यांनी मुलाशी बोललेलं मला आठवत नाही. मुलगा पुढच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवून. दोघेही समोर बघत. समोरची काच इतकी लख्ख असायची की एकमेकांकडे बघायची वेळच येत नसे.

मोजणीदार गेले तेव्हा मुलगा एका कचेरीत कारकून झाला होता. त्यानं मला विकलं नाही, चालवलंही नाही. "वडिलांची आठवण म्हणून ठेवलीये," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माणसं ज्या वस्तूची साफसफाई करणार नसतात तिला आठवण म्हणतात, असा माझा अनुभव आहे. मी अठरा वर्षं ताडपत्रीखाली होते. उंदरांनी वायरी खाल्ल्या. मागच्या सीटवर एक मांजर दोनदा व्याली. त्या काळातला माझा सगळ्यात प्रेमळ प्रवासी तीच.

तोवर घरात मालकाचं लग्न झालं, दोन मुलं झाली आणि मग भिंतीपलीकडून आवाज चढायला लागले. पुढे आवाज बंद झाले, आणि ते जास्त वाईट होतं. एक दिवस बायको दोन मुलं आणि दोन बॅगा घेऊन फाटकाबाहेर पडली. न्यायालयानं ठरवून दिलं: दर रविवारी दहा ते पाच मुलं वडिलांकडे.

थोरली पंधराची, धाकटा तेराचा. पहिले काही रविवार तिघं बाहेरच्या खोलीत बसून होते. शेडकडची खिडकी उघडी असल्यानं मला ऐकू यायचं.

"शाळा कशी चाललीये?"

"चाललीये."

"जेवण वगैरे नीट?"

"हो."

काहीही न सांगता उत्तर देणं ही कारकुनाची कला. मुलं बापाच्या वळणावर गेली होती.

शेवटी कंटाळून धाकटा बाहेर आला आणि त्यानं माझी ताडपत्री ओढली. धुळीनं दोघंही शिंकलो, म्हणजे तो शिंकला, माझी इच्छा झाली.

"बाबा, ही चालते?"

"चालायची."

धाकट्यानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. बाप दारात उभा होता. मला वाटलं, आता ते वडिलोपार्जित वाक्य येणार. तो क्षणभर थांबलासुद्धा. मग म्हणाला, "लाव हात. उघडून बघ."

या माणसाबद्दल पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकताना एवढं वाक्य त्याच्या खात्यावर राहू द्या.

तिथून काम सुरू झालं. समोरच्या घरात एक म्हातारे मिस्त्री राहायचे. गुडघे गेल्यामुळे गॅरेज बंद करून ते दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. ते खुर्चीसकट आमच्याकडे आले आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागले. बाप पॉलिशपेपरनं गंज घासायचा. धाकट्याला प्रत्येक गोष्ट उघडून आत काय आहे ते बघायची हौस. हॉर्नसुद्धा त्यानं विचारून, उघडून, पुन्हा बसवला. थोरली वही घेऊन प्रत्येक काम लिहून ठेवायची.

"तुझे कान काळे झालेत," ती भावाला म्हणायची.

"तुझं नाक बघ आधी. सायलेन्सर झालंय."

एकदा बाप चहा करायला आत गेला असताना मिस्त्रींनी थोरलीला जवळ बोलावलं. "नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यावर एक पांढरी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग कुणाला विचारत बसायला नको." पुढच्या रविवारी तिनं नखांना लावायच्या पांढऱ्या रंगाची बाटली आणली आणि एकेका नटावर बारीक रेघ काढली. बापानं त्या रेघा पाहिल्या, पण मुलींचं काहीतरी नटणं-मुरडणं असेल समजून सोडून दिल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळीखाली लाल रेघ मारणाऱ्या माणसाला ही रेघ काय आहे ते विचारावंसं वाटलं नाही.

कामाच्या आठव्या महिन्यात माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. दोनदा आचके दिले आणि धूर काढून बंद पडलं.

"खोकली तरी," धाकटा म्हणाला.

तिघं हसले. बाप म्हणाला, "पूर्ण झाली की समुद्रावर जायचं. आपण तिघं." अठरा वर्षांच्या अंधारानंतर कुणी असं काही बोललं की गाडीलाही भरून येतं.

हात पुसता पुसता थोरली सहज म्हणाली, "दोन-तीन रविवारांत होईलच आता. मग मी शिकवणी लावणार आहे, ती रविवारीच असते. म्हटलं, गाडी होईपर्यंत थांबू."

"माझ्या पण मॅचेस असतात," धाकटा म्हणाला.

"हो, हो," बाप म्हणाला. "अभ्यास आधी."

आता त्याच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. कचेरीत त्याची ख्याती अशी की त्यानं कुणाचा अर्ज कधी फेटाळला नाही आणि लवकर मंजूरही केला नाही. तो त्रुटी काढायचा. एका वेळी एकच, आणि लहानशी. "नाही म्हटलं की माणूस साहेबाकडे जातो," असं तो मिस्त्रींना सांगायचा. "त्रुटी काढली की परत आपल्याकडे येतो." काही माणसं त्याच्या टेबलाशी इतकी वर्षं येत राहिली की त्यांच्या नातवंडांची चौकशी करण्याइतकी ओळख झाली.

त्या शनिवारी दुपारी तो कचेरीतून लवकर आला, कपडे न बदलता पाना घेऊन माझ्यापाशी आला आणि पेट्रोलच्या नळीचा, अजून रेघ न काढलेला नट त्यानं पाव फेरा सैल केला. बस, इतकंच. एक लहानशी त्रुटी.

रविवारी मी सुरू झाले आणि मेले.

"आता हे काय?" थोरली म्हणाली.

"जुनी गाडी आहे. काहीतरी निघत राहणारच." हा त्याचा टेबलामागचा आवाज होता.

पुढच्या शनिवारी पाण्याच्या पाइपाचा पट्टा, त्यापुढच्या शनिवारी बॅटरीची तार. असे सात आठवडे गेले; रेघ काढलेल्या नटापर्यंत पाना अजून पोचला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. अठरा वर्षं कुणी न विचारलेल्या गाडीला दर रविवारी तीन माणसं वाकून विचारतात, "तुला काय होतंय?" मीही त्या कटात होते.

आठव्या रविवारी थोरलीनं बॉनेट उघडलं, एका नटाकडे बघितलं आणि वळून भावाला म्हणाली, "पाना कुणी लावला?"

"मी नाही."

"मग नट आपोआप फिरला? गेल्या रविवारी मी आवळला होता."

"मी नाही म्हटलं ना. तुला काय माहीत फिरलाय ते?"

"मला कळतं. कसं ते तुला सांगणार नाही. हॉर्न कुणी उघडला होता?"

"तो विचारून उघडला होता. बाबा, सांग ना हिला."

बाप फडक्यानं हात पुसत होता. हात स्वच्छ होते, तरी पुसत होता. मग म्हणाला, "जाऊ दे गं. लहान आहे. चुकून झालं असेल त्याच्याकडून."

एवढ्या मायेनं कुणाचा गळा कापलेला मी पाहिला नव्हता.

धाकट्यानं बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग तो पायरीवर जाऊन बसला तो पाच वाजेपर्यंत. समोर बघत, दोन्ही हात मांडीवर. बसण्याची ही पद्धत मी ओळखते.

पुढच्या रविवारी थोरली एकटीच आली. आई स्कूटरवरून न उतरताच फाटकातून म्हणाली, "तो नाही आला. म्हणतो, तिथे मला खोटं पाडतात."

"बरं," बाप म्हणाला. त्यानंतरच्या रविवारीही तो नाही आला. तेव्हाही बाप 'बरं'च म्हणाला.

मला वाटलं, आता तरी पाना खुंटीवर राहील. पण एक गेला होता, दुसरी जाऊ नये या धास्तीनं बाप तिसऱ्या शनिवारी पुन्हा पाना घेऊन आला. सवयीच्या माणसाला एक साधी गोष्ट सुचली नाही: ज्याच्यावर आळ घ्यायचा तो आता यायचाच थांबला होता.

रविवारी थोरलीनं बॉनेट उघडलं. पांढरी रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. ती नुसती उभी राहिली. तेवढ्यात बाप दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

चहा निवत राहिला. तिनं नट आवळला, रेघ जुळवली. मग वही उघडून पहिल्या पानापासून एकेक नट तपासला. मिस्त्रींना हाताला धरून आणलं, ब्रेक दाखवले, आणि शेवटी किल्ली फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी बंद पडायचा मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही. पोरीनं काम चोख केलं होतं.

"झाली गाडी, बाबा."

"अजून ते ब्रेकचं एकदा..."

"मिस्त्रीकाकांनी बघितलं."

"समुद्रावर जायचं होतं आपल्याला. तिघांना."

"तिघं कुठे आहेत?"

तिनं पाना धुऊन, पुसून जागेवर ठेवला.

"त्याला तू सांग," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. सांगितलंस की फोन कर, आम्ही दोघं येऊ."

"सांगतो. योग्य वेळी सांगतो."

हे शब्द तो कचेरीत दिवसातून किती वेळा वापरतो ते तिला माहीत असावं. ती पाच वाजायच्या आत निघून गेली.

याला दोन वर्षं झाली. मी आता उत्तम चालते. चालते म्हणजे सुरू होते. फाटकाबाहेर मी गेलेले नाही. दर रविवारी दहा वाजता तो मला सुरू करतो, दहा मिनिटं आत बसतो आणि बंद करतो. मधूनमधून धाकट्याला फोन लावतो. "गाडी छान झालीये रे. येऊन बघ." तिकडून 'हं' येतं. मग तो हवापाण्याचं बोलतो आणि फोन ठेवतो. "नट मीच ढिले केले." चार शब्दांचं वाक्य आहे. सगळी त्रुटी तेवढीच, आणि ती काढायला या जगात दुसरं कुणी नाही.

"मुलं नाही आली?" मिस्त्री विचारतात.

"परीक्षा आहेत."

"दोन वर्षं? फार अवघड परीक्षा दिसते."

गेल्या रविवारी त्यानं बॉनेट उघडलं, नट पाव फेरा सैल केला आणि फाटकाकडे बघत पायरीवर बसला. पाच वाजता उठून त्यानं स्वतःच तो आवळला, अगदी रेघेला रेघ जुळेपर्यंत. रेघ म्हणजे काय ते आता त्याला कळलंय.

तुमच्यापैकी कुणी त्या मुलाला ओळखत असेल तर त्याला माझा एवढा निरोप द्या. मी सगळं पाहिलंय, तो खोटं बोलला नव्हता. बापाची वाट बघू नकोस म्हणावं. त्याच्याकडे तुझा अर्ज पडून आहे, आणि त्यावर शेरा आहे: योग्य वेळी.