अडकला असाल तर एक दाबा

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस काय करतो, माहितेय का तुला?" बाबांनी लेफ्टेरिसला विचारलं. "ओरडतो. आणि तुझं यंत्र त्याला सांगणार, बिलासाठी तीन दाबा!"

टेलिफोन विकायला आलेल्या लेफ्टेरिसची दुसरी कॉफी चालू होती. "मालक, अडकलेल्यांसाठी एक आहे की. दुरुस्तीला दोन. बिलाचा नंबर शेवटी."

ग्रीसमधल्या कवाला गावातलं हे लिफ्टदुरुस्तीचं ऑफिस ते केवढं! मालक मिनास, त्यांची मुलगी आर्यिरो आणि मेकॅनिक स्टाथिस. फोन मात्र दिवसभर खणखणायचा, आणि बाबा कुठल्या इमारतीच्या छपरावर आहेत ते शोधताना आर्यिरोच्या नाकी नऊ यायचे. नव्या यंत्रणेचा हट्ट तिचाच. लेफ्टेरिसकडे दोन प्रकार होते. स्वस्तातला माणसाला रांगेत थांबवून गाणं ऐकवायचा. महागातला, बटण दाबताच ज्याच्या त्याच्या खिशात वाजायचा.

"गाणं नको," बाबा म्हणाले. "एक दाबलं की थेट माझ्या खिशात. पलीकडे जिवंत माणूस हवा. तरच घेतो."

मग सुरुवातीचा निरोपही त्यांच्याच आवाजात भरायचा ठरला. "लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा." एवढ्याशा वाक्यात ते दोनदा थांबले.

"जिने चढून आलोय," ते म्हणाले.

ऑफिस तळमजल्यावर होतं.

आर्यिरोनं आपल्या मोबाइलवरून एक दाबून पाहिलं. समोरच बसलेल्या बाबांचा खिसा वाजला. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं फोन कानाला लावला. "मी येतोय. दाराला हात लावू नका. बोलत राहा." लेफ्टेरिस खो खो हसला. गेली कित्येक वर्षं प्रत्येक अडकलेल्याला ते हेच सांगत आले होते. वाट बघण्यापेक्षा शांतताच माणसाला जास्त घाबरवते, असं त्यांचं म्हणणं.

लेफ्टेरिस गेल्यावर त्यांनी कप गोळा केले. डावा खांदा चोळत पाठमोरेच म्हणाले, "आता फोन आपोआप फिरतील. तू सुटलीस. अथेन्सला जायला मोकळी."

आईच्या आजारपणात ती अथेन्स सोडून आली होती, थोड्या दिवसांसाठी म्हणून. आई जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

"बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संत मिनासचा सण, म्हणजे बाबांच्या नावाचा दिवस. त्या दिवशी ओळखीतला प्रत्येक जण शुभेच्छांचा फोन करणारच. ज्या बटणावर मिनास भेटतो ते बटण कोणतं, हे सगळ्यांना पहिल्याच फोनला कळलं.

"अख्खं कवाला अडकलंय गं लिफ्टमध्ये!" बंदराजवळच्या एका छपरावरून बाबांनी तिला सांगितलं. "कसाई अडकलाय, न्हावी अडकलाय. आत्ता पाद्रीबाबा अडकले होते."

"मग उचलू नका ना."

"आजच्या दिवशी? आणि खरंच कुणी अडकलेला असला म्हणजे? थांब, आला बघ आणखी एक."

तिनं स्वतः शुभेच्छा दिल्याच नव्हत्या. मिठाईचा खोका घरी आणून ठेवला होता. संध्याकाळी पाहुणे जमले की द्यायच्या, असा तिचा बेत होता.

दुपारी तिनं दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा एंगेज. बोलत असतील, तिला वाटलं. मनातून ती वैतागलीही.

स्टाथिस त्यांच्यासाठी खायला घेऊन वर गेला, तेव्हा मशीनच्या खोलीत ते भिंतीला टेकून बसले होते. हात गार. खिशातला फोन वाजत होता. काय करावं ते न सुचून स्टाथिसनं तो उचलला. पलीकडून कुणीतरी आनंदानं ओरडत होतं, "खूप वर्षं जग रे, मिनास!"

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्या नावाचे उकडलेले गहू वाटून झाल्यावर लेफ्टेरिस ऑफिसात आला. या वेळी त्यानं कॉफी घेतली नाही.

"एक नंबर कुणाकडे वळवू? आणि आवाज… बदलायचा असेल तर…"

"माझ्याकडे वळव," आर्यिरो म्हणाली. "आवाज राहू दे."

त्याच आठवड्यात तिचा फोन वाजला.

"मिनास? मी इव्हान्थिया. चौथ्या नि पाचव्याच्या मध्ये लटकलेय रे. दिवा पण गेला."

"मी आर्यिरो बोलतेय, मावशी. दाराला हात लावू नका. स्टाथिस निघालाय." समोर स्टाथिस किल्ल्या उचलून धावलाच होता. "बोलत राहा."

"अगं, आत्ता तोच तर बोलला माझ्याशी. एक दाबा म्हणाला."

"तो भरून ठेवलेला आवाज आहे. तुम्हाला कुणी कळवलं नाही का? बाबा गेले, मावशी."

"मी पोराकडे होते, सलोनिकाला…" म्हातारीचा आवाज विरला. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला, भरभर, उथळ.

"मावशी? बोला काहीतरी."

"मला नाही सुचत गं. तू बोल. थांबू नकोस."

आर्यिरोनं बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मी अथेन्सला परत जाणार होते, आठवतं तुम्हाला? आईनंतर. सगळे विचारायचे, कधी निघतेस. बाबांना वाटायचं, त्यांच्यापायी मी इथं अडकून पडलेय." पलीकडचा श्वास ऐकत होता. "मी अडकले नव्हते. मला इथंच राहायचं होतं, बाबा."