आठांतली सहा डोकी

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, म्हणजे संगणकाला चालवणारी चिप. पण बाजाराचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. माझी सगळी हयात पेनांगमधल्या बायान लेपासच्या एका कारखान्यात, तपासणीच्या खोलीत गेली.

ज्या सिलिकॉनच्या चकतीतून मी निघालो, ती समुद्रापलीकडून आली. इथे तिचे तुकडे कापले, मला हिरव्या पट्टीवर बसवलं आणि वरून धातूची टोपी घातली. माझ्यात आठ कोअर होते. कोअर म्हणजे हिशेब करणारं डोकं असं समजा. जितकी डोकी जास्त, तितकी किंमत जास्त. मला तापवून पाहिलं, गारठवून पाहिलं, आठही डोकी पास झाली आणि मी फुगलो. तेवढ्यात वरून हुकूम आला. नव्या मालात आठ डोक्यांवाले महाग पडतात, ते थोडेच खपतील. सहावाल्या स्वस्त मालाला मागणी मोठी, आणि तो कमी पडतोय. तेव्हा धडधाकट आठांतलेही काही सहाच करा. रोहायूने यंत्र चालवलं आणि माझी दोन चांगली डोकी कायमची मिटली.

रोहायू मालाची तपासनीस. आमच्याशी बोलायची तिला सवय होती. "रुसू नकोस," ती म्हणाली. "मी एका डोक्यावर पाच जणांचं घर चालवते. तुला सहा आहेत."

तेव्हा आमच्या नव्या मालाची जाहीर घोषणा व्हायची होती. कुणाला किती डोकी आणि काय किंमत, हे बाहेर फुटलं तर दुसऱ्या कंपन्या आधीच आपले भाव पाडणार. म्हणून आमच्यातला एकही दाराबाहेर जाता कामा नये, असा कडक नियम होता.

रमजान चालू होता. संध्याकाळी पाळी सुटायच्या बेताला मी शेवटच्या गरम परीक्षेतून बाहेर आलो. या परीक्षेत टोपीवर राखाडी चिकट लेप लावतात. तो पुसून, आम्हाला गार करून, मगच ट्रेवर दुसरा रिकामा ट्रे झाकण म्हणून ठेवायचा असतो. रोहायूचं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं.

"काक, तू नीघ," तिची जोडीदारीण ग्वात सिम म्हणाली. काक म्हणजे ताई. "रोजा सोडायला घरी पोचशील. मी झाकते." तिने घाईघाईत तसंच झाकलं. मी वरच्या ट्रेला खालून चिकटलो.

पुढच्या पाळीने झाकण उचललं आणि रिकाम्या ट्रेंच्या गाडीवर टाकलं. गाडी दाराबाहेर, कपडे बदलायच्या जागी गेली. तिथून ती धुलाईला जायची. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यात माझं काय झालं असतं, ते मला नीट ठाऊक होतं. आत मोजणी झाली. एक कमी.

बाहेरची दारं बंद झाली. घरी निघालेली रोहायू आणि अजून कामाच्या कपड्यांत असलेली ग्वात सिम तिथेच अडकल्या. पर्यवेक्षक थनबालन घामाघूम होऊन आला. वरून त्याला फोनवर फोन येत होते, आणि सगळ्यांत आधी बाहेर पडणारी रोहायू होती.

"तुझ्या भावाचं बायान बारूला संगणकाचं दुकान आहे ना?"

"आहे. तुमच्या मुलाचा संगणक तिथूनच नेलात, बॉस. सवलतही मागून घेतलीत."

"वाकडं बोलू नकोस. चिप सापडली नाही तर आज रात्रीच तुला काढायला सांगतील. पोलीस येतील ते वेगळंच."

दारावरच्या रक्षक बाईने रोहायूची पिशवी टेबलावर उलटी केली. नमाजाची वस्त्रं झटकली. घरच्यांसाठी मशिदीतून आणलेल्या लापशीच्या डब्यात चमचा घालून तळापर्यंत ढवळलं. मी गाडीवरून, हातभर अंतरावरून हे पाहत होतो. मला आवाज असता तर मी सहाही डोक्यांनी ओरडलो असतो.

बाहेर अजान झाली.

"काक, पाणी तरी घे," ग्वात सिम म्हणाली.

"नको. घोट घेतला तर म्हणतील, चिप गिळली."

धुलाईचा माणूस आला, गाडीला हात लावला, चाकं वाजली. ग्वात सिमने डोळे पुसायला हात वर नेला आणि तो तसाच थांबला. तिच्या बाहीवर राखाडी लेपाचा डाग होता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "बॉस, मी लेप पुसला नव्हता. गरम असतानाच झाकलं. चूक माझी आहे."

तिने एकेक ट्रे उलटा करायला घेतला. माझा ट्रे उलटला तसा दिव्याचा उजेड माझ्या अंगावर पडला.

थनबालनने मोठा श्वास सोडला. "चला, मिळाली एकदाची. जा रोहायू, उशीर झाला तुला."

रोहायू हलली नाही. "पिशवीचा बाजूचा कप्पा बघायचा राहिलाय," ती म्हणाली. "तोही बघा. मग जाते."

त्याने रक्षक बाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. शेवटी त्यालाच कप्प्यात हात घालावा लागला. आत बसचं कार्ड निघालं आणि खजुराची पुडी. रोहायूने त्याच्या हातून पुडी घेतली आणि तिथेच उभ्याने, सगळ्यांसमोर रोजा सोडला.

ग्वात सिमला ताकीद मिळाली. तेव्हापासून दरवर्षी रमजानात रोहायू तिच्यासाठी लापशीचा डबा आणते. मला विक्रीच्या मालात परत घेतलं नाही. मला नमुना म्हणून ठेवलं, ज्याचे गुण पक्के ठाऊक आहेत असा. आजही रोज सकाळी माल तपासायच्या आधी रोहायू मला यंत्रात बसवते. सहा जागी, दोन झोपलेली, असं यंत्राने सांगितलं तरच ते दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला लायक. काही वेगळं सांगितलं तर दोष यंत्राचा, आणि ते बंद. आता नव्या पिढीची चोवीस डोक्यांवाली मंडळी येताहेत. माझ्या जातीचं काम थांबलं की मीही भंगारात जाईन. जीव तुटतो, पण तक्रार नाही.

मित्रांनो, एवढं एकच मागणं आहे. इथे यंत्रालासुद्धा रोज विचारतात, तू नीट बघतंस ना? त्या संध्याकाळी माणसांनी ते स्वतःला विचारलं नाही. तुम्ही विचारा. कुणाची पिशवी उलटी करण्याआधी आपली बाही एकदा उजेडात धरून बघा.